एक जूनच्या आत

एक जूनला माझ्या माहेरच्या गावात निम्म्या लोकांचा वाढदिवस असतो. निफाडजवळचं, चहूबाजूंनी द्राक्षबागा असलेलं हे गाव. त्या दिवशी सकाळपासून बँकेचे, विमा कंपनीचे, मोबाइलवाल्यांचे शुभेच्छांचे मेसेज येत राहतात, आणि ज्याला येतात तो ते वैतागून पुसून टाकतो, कारण त्याचा जन्म त्या दिवशी झालेलाच नसतो. शाळेत नाव घालताना मास्तर विचारायचे, पोरगं कधीचं? आई सांगायची, पोळ्याच्या आसपासचं, नाहीतर ज्या साली गारा पडल्या त्या सालचं. मास्तर मान हलवायचे आणि एक जून लिहायचे. शाळा जूनमध्ये सुरू होते, मूल त्याच दिवशी सहा वर्षांचं झालं असं दाखवलं की काम भागतं. माझी कागदावरची जन्मतारीख एक जूनच आहे, माझ्या भावाचीही तीच, फक्त त्याचं साल माझ्यापेक्षा एक वर्ष आधीचं.

खरं म्हणजे मी तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी जन्मले. म्हणजे कागदावर मी आहे त्यापेक्षा पाचएक महिन्यांनी मोठी. इतकी वर्षं या गोष्टीनं माझं काही अडलं नव्हतं. अडलं ते ऑस्ट्रेलियाला जायचं ठरवल्यावर.

मी नर्स आहे. नाशिक रोडला राहते. नवरा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात एका ठेकेदाराकडे इलेक्ट्रिशियन आहे, मुलगी आठवीत. सोळा वर्षं मी अतिदक्षता विभागात काढलीत. व्हेंटिलेटरचा आवाज जरा बदलला की मी हातातलं काम टाकून वळते, ते आता अंगात मुरलंय. तरी दर अकरा महिन्यांनी माझा करार नव्यानं होतो, आणि राउंडला मी ट्रे धरून मागे उभी असते. माझ्याबरोबर शिकलेली एक मैत्रीण तिकडे गेली. तिनं एकदा फोनवर सहज सांगितलं की तिथे राउंड सुरू करताना डॉक्टर आधी तिला विचारतात, रात्र कशी गेली, तुझं काय मत? मला तसं विचारलं जायला हवं होतं. पगार जास्त मिळतो हे मलाही कळतं, पण त्यासाठी मी एवढा आटापिटा केला नसता. ज्याला हे पटत नसेल त्यानं एकदा माझ्या जागी बारा तास उभं राहून बघावं.

तर, तिकडची पद्धत अशी. आपण आपली माहिती त्यांच्याकडे नोंदवायची. शिक्षण, अनुभव, इंग्रजी आणि वय, सगळ्याचे गुण असतात. गुण पुरेसे झाले तर ते आमंत्रण पाठवतात, आणि मग व्हिसाचा खरा अर्ज करायचा. वयाची चाळीस पूर्ण झाली की गुण एकदम घसरतात, आणि वय मोजतात ते आमंत्रण येईल त्या दिवसाचं. माझे गुण काठावर होते. वयाचे गुण गेले असते तर मला कोणी बोलावलंच नसतं. कागदावर माझी चाळिशी येत्या एक जूनला पूर्ण होत होती.

हा हिशेब माझ्या नीट लक्षात आला तो गेल्या दिवाळीत, भाऊबीजेला माहेरी गेले तेव्हा. मी बोलून दाखवल्यावर आई चकलीचा सोऱ्या हातात धरून थांबली.

"चाळीस कुठं झाली तुला? तू तर तुळशीच्या लग्नाची हाय."

"कागदावर एक जून आहे, आई."

"कागदाला काय कळतंय!"

भावानं मात्र चेष्टा केली नाही. हे नवलच, कारण मला 'सिस्टर' म्हणून चिडवायची एकही संधी तो सोडत नाही. त्याला आठवत होतं, मलाही आठवत होतं. त्याला शाळेत घातलं तेव्हा तो जायलाच तयार नव्हता. दाराची चौकट धरून रडायचा, मास्तरांनी उचलून नेलं तरी मधल्या सुट्टीत पळून यायचा. 'मी एकटा नाय जाणार' एवढं एकच वाक्य त्याला येत होतं. शेवटी मला त्याच्यासोबत धाडलं. मी त्याच्याहून लहान, पण मला कशाचीच भीती नव्हती. वर्गात मी दाराजवळ बसायचे, त्याला दिसेन अशी. मी जागेवरून हलले की त्याचं सुरू. पुढच्या वर्षी मास्तरांनी माझंही नाव घातलं आणि एक जून लिहून माझं वय भरवलं.

"म्हणजे माझ्यापाई तुझं पाच महिनं गेलं," भाऊ म्हणाला.

मी हसण्यावारी नेलं, पण त्यानं ते मनावर घेतलं. दिवाळी झाल्यावर तो तालुक्याला चार चकरा मारून आला आणि मला फोन केला. प्रतिज्ञापत्र करू, राजपत्रात छापून आणू, जन्मतारीख बदलून घेऊ, एक माणूस सगळं करून देतो म्हणाला. कॉलेज रोडच्या ज्या व्हिसा सल्लागाराकडे मी जात होते त्यालाही विचारलं. तो गुळगुळीत दाढीचा तरुण माणूस खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "करून घ्या ना मॅडम, होतं सगळं." मला क्षणभर मोहही झाला. खोटं काही करायचं नव्हतं, उलट खरं तेच लिहायचं होतं.

पण घरी येऊन मी सगळे कागद पलंगावर मांडले. शाळा सोडल्याचा दाखला, दहावी, बारावी, नर्सिंगची पदवी, नर्सिंग परिषदेची नोंदणी, पासपोर्ट, लग्नाचा दाखला, सोळा वर्षांच्या नोकरीची पत्रं. प्रत्येकावर एक जून. एक तारीख बदलायची तर हे सगळं बदलायला हवं, आणि त्यातच पुढचा एक जून निघून गेला असता. शिवाय चाळिशीच्या तोंडावर अचानक पाच महिन्यांनी लहान झालेल्या बाईकडे तिकडचा अधिकारी कसं बघेल हे सांगायला सल्लागार लागत नाही. मला राग आला. सल्लागाराचा आला, मास्तरांचा आला, आणि सगळ्यात जास्त आईचा आला.

तो राग संक्रांतीला बाहेर पडला. आई चुलीपुढं तीळ भाजत होती. मी म्हटलं, "त्याच्या रडण्यापाई माझं वय वाढवलंत तुम्ही. त्याचं रडू थांबावं म्हणून मला धाडलं, कुणी मला विचारलं तरी होतं का?"

आईनं कढई खाली उतरवली. तिला राग आला की ती भराभर कामं करते, तशी काही तिनं केली नाहीत.

"तुला शाळेत घालायचंच नव्हतं," ती म्हणाली. "काकूचं पोरगं तान्हं व्हतं. ते सांभाळायला तुला घरी ठिवायचं, असं मोठ्यांनी ठरवलं व्हतं. ह्यो रडला म्हणून तू गेली. मास्तर म्हणले, पोरगी हुशार हाय पर वय भरत नाय. म्या म्हणलं, भरवा. आजच लिवा, घरातलं कुणी नको म्हणायच्या आत लिवा."

ही गोष्ट मला कुणी कधी सांगितली नव्हती. काकूच्या त्या तान्ह्या पोराला, म्हणजे आता ट्रॅक्टर चालवणाऱ्या माझ्या चुलतभावाला, पुढं कुणी सांभाळलं असेल हेही मी कधी विचारलं नव्हतं. आता विचारलं, तर आईनंच पाठीला बांधून नेलं होतं त्याला, बागेत, स्वतःचं काम करता करता. मला रडू आलं, आणि आईपुढं रडायची मला लाज वाटली नाही.

त्या दिवसापासून तारीख बदलायचा विषय मी बंद केला. भावालाही सांगितलं, "दादा, एक जून तर एक जून. त्याच्या आत काय करायचं ते मी करते."

सल्लागाराचा नाद मात्र पुढच्याच महिन्यात सुटला. मी आधीच दिलेल्या इंग्रजी परीक्षेच्या निकालाची मुदत फेब्रुवारीत संपत होती. मी त्याला आधीपासून विचारत होते, तो म्हणत होता, नोंदणी केली तेव्हा निकाल चालू होता ना, मग काळजी नको. मला ते पटेना. मी तिकडच्या व्हिसा खात्याच्या वेबसाइटवरचं पान उघडून स्वतः वाचलं, एकेक शब्द शब्दकोशात बघत. निकाल आमंत्रणाच्या वेळी चालू असायला हवा होता. मी त्याच्यासमोर मोबाइल धरला तेव्हा तो म्हणाला, "अरे, नियम बदलला वाटतं." नियम बदलला नव्हता, त्यानं वाचला नव्हता. मी माझे कागद उचलून आले आणि परत त्या जिन्याची पायरी चढले नाही.

मग रोज सकाळी चहाचं आधण ठेवलं की मी ते पान उघडायला लागले. नवरा म्हणायचा, "लोक देवपूजा करतात, हिची पानपूजा चाललीय." पण गमतीत का होईना, चहा तोच गाळायचा. पानावर रोज काही ना काही हललेलं असायचं. कधी कागद तपासायची फी वाढायची, कधी परीक्षेचे प्रकार बदलायचे, कधी कुठल्या कामाच्या लोकांना आधी घ्यायचं तो क्रम खालीवर व्हायचा. पहिल्या वेळी फी वाढली तेव्हा मी दिवसभर चरफडत होते. दुसऱ्या वेळी दोन ड्युट्या जास्त मागून घेतल्या आणि कामाला लागले. त्यांच्या देशात त्यांनी नियम बदलायचे नाहीत तर कुणी बदलायचे? माझं काम बदललेला नियम त्याच दिवशी वाचायचं होतं. वाचलेल्या नियमाची भीती वाटत नाही, असा माझा तरी अनुभव आहे.

इंग्रजीची परीक्षा पुन्हा द्यायची होती. पेशंटच्या फायली मी इंग्रजीत लिहिते, पण परीक्षेत समोरच्याशी न अडखळता बोलायचं असतं, आणि माझी जीभ तिथेच अडते. सराव कुणासोबत करणार? मुलगी माझे उच्चार ऐकून हसून लोळायची. नवरा दोन प्रश्नांत जांभया द्यायचा. सुट्टीच्या दिवशी मी माहेरी गेले तेव्हा बागेत द्राक्षांची काढणी चालू होती. भाऊ म्हणाला, "मी घेतो तुझी परीक्षा. दहावी पास हाय मी."

तो उलट्या घातलेल्या क्रेटवर बसला, माझ्या मोबाइलवरचे प्रश्न एकेक अक्षर जोडत वाचू लागला, आणि मी वेलीखाली उभी राहून उत्तरं देऊ लागले. तुम्हाला मदत केलेल्या एका माणसाबद्दल सांगा. तुमच्या गावात काय बदललं ते सांगा. घड काढणाऱ्या बायकांच्या कात्र्या थांबल्या.

"काय म्हणती ओ ही?" एकीनं विचारलं.

"मलाबी नाय कळलं," भाऊ म्हणाला, "पर गप ऐका, लय भारी बोलती."

ती द्राक्षं निर्यातीला जायची होती आणि व्यापारी बांधावर उभा होता, तरी भाऊ जागचा उठला नाही. मी अडखळले की तो नाक मुरडायचा आणि परत पहिल्यापासून विचारायचा. पुढचे सगळे सुट्टीचे दिवस आम्ही असेच काढले. शेवटी शेवटी त्या बायकाही मला प्रश्न विचारायला लागल्या, अर्थात मराठीत, आणि मी इंग्रजीत उत्तरं द्यायचे. परीक्षेला बसलेल्या कुठल्याही बाईला असा वर्ग मिळाला नसेल.

परीक्षेचं केंद्र पुण्याला मिळालं. एप्रिल होता. बागेत खरड छाटणी सुरू झालेली, मजूर मिळत नव्हते, तरी भाऊ पहाटेच पिकअप घेऊन दारात हजर. मी म्हटलं, मी बसनं जाईन, तू छाटणीचं बघ. तो म्हणाला, "छाटणी काय पळून चालली नाय." सिन्नरच्या पुढं चहाला थांबलो. मी त्याला म्हटलं, यावेळी गुण कमी पडले तर परत परीक्षा द्यायला वेळ नाही, दादा. त्यानं चहाचे पैसे दिले आणि गाडी काढली.

केंद्राच्या फाटकातून आत जाताना मी मागे वळले. रस्त्याच्या पलीकडे एक गुलमोहर होता.

"मी तिथं बसतो," तो म्हणाला, "तुला खिडकीतून दिसंल असा."

परीक्षेच्या खोलीला खिडकी नव्हती. तरी मला ठाऊक होतं तो कुठं बसलाय. बाहेर आले तेव्हा ऊन कललं होतं आणि तो झाडाखालून हललेला नव्हता, पाण्याची बाटलीसुद्धा आणायला गेला नव्हता.

निकाल चांगला लागला, हवे होते त्याहून थोडे जास्तच गुण. मी त्याच दिवशी नोंद ताजी केली. आता उरलं होतं वाट बघणं. आमंत्रणं कधी सुटतील याला ताळतंत्र नसतं. एप्रिलमध्ये एकदा सुटली, ती माझा निकाल यायच्या आधी. मे उजाडला. सकाळचं पान तसंच, मेल रिकामी. नवरा म्हणाला, नाही आलं तर? मी म्हटलं, तर दुसरा रस्ता शोधीन, तिकडच्या छोट्या गावांसाठी वेगळा व्हिसा असतो, त्याचे नियमही वाचून ठेवलेत. मी हे उगाच धीराचं बोलत नव्हते. खरंच वाचून ठेवले होते. पण मला तो रस्ता नको होता, हेही खरं.

मेचा शेवटचा आठवडा लागला. मी सकाळच्या ड्युटीवर येऊन कपाटात पर्स ठेवत होते तेव्हा मोबाइल वाजला. मेल उघडली. वाचली. परत वाचली. मग तारीख वाचली. एक जूनच्या आत होती. माझ्या मागे रात्रपाळीची सिस्टर सांगत होती की चार नंबरच्या पेशंटला पहाटे ताप होता, आणि मी "हो, हो" म्हणत होते. चार नंबरला जाऊन ताप बघितला, औषधाची वेळ लिहिली, मग बाहेर जिन्यात येऊन फोन लावला. नवऱ्याच्या आधी भावाला लावला. त्यानं 'हॅलो' म्हटलं आणि मला बोलताच येईना.

"आलं का?" तो म्हणाला. "बोल ना, आलं का?"

एक जूनला दुपारी तो आणि आई नाशिक रोडला आमच्या घरी आले. भावानं केक आणला होता. आमच्या घरात एक जूनचा केक आजवर कुणी कापला नव्हता, कारण तो दिवस कुणाचाच नाही असं आम्ही मानत आलो. केकवर माझं आणि त्याचं, दोघांचंही नाव होतं. आईनं दोघांना ओवाळलं. मुलगी म्हणाली, "आई, म्हणजे तू आज खोटी चाळीसची." मी तिला म्हटलं, खोटी कसली, हीच माझी तारीख आहे, आजीनं मागून घेतलेली. आईनं ऐकलं की नाही कळलं नाही, ती मुलीच्या ताटलीत केक वाढत होती.

जुलैत त्यांचं नवं आर्थिक वर्ष सुरू होतं आणि व्हिसाची फी पुन्हा वाढते, म्हणून अर्ज जूनमध्येच भरायचा होता. कागद सगळे तयार होते, म्हणून मी त्याच दिवशी बसले. टेबलाशी मी, मागे नवरा, बाजूच्या खुर्चीत आई, दाराशी उभा भाऊ. जन्मतारखेच्या रकान्यात मी एक जून लिहिलं आणि पुढं गेले. शेवटचं पान आलं. फी भरायचं बटण समोर आलं.

एवढी वर्षं ज्याच्यासाठी धडपडले ते बोटाखाली होतं, आणि माझं बोट हलेना. मला काय झालं ते मला आधी कळलंच नाही. मग दाराकडे लक्ष गेलं. चौकटीला हात लावून तो उभा होता, अगदी तसाच, फक्त आता डोक्यावरचे केस पांढरे झालेले. आईच्या दवाखान्याच्या फेऱ्या, बागेची फवारणी, भाऊबीजेचं रिकामं ताट, हे सगळं त्याला एकट्याला बघावं लागणार होतं. नवरा, मुलगी, मी, आम्ही तिघं जाणार होतो.

"दादा," मी म्हटलं.

त्याला कळलं मी का थांबले ते.

"दाब की," तो म्हणाला. "मी आता काय लहान हाय का? जाईन मी एकटा. रडत नाय मी आता."

मी बटण दाबलं. वळून बघितलं तर तो चौकट धरून रडत होता.